तिकीट प्रदर्शनातली पदकं: गुण कुठे मिळतात, कुठे गळतात

सव्वा आणा

जिल्ह्याचं किंवा राज्याचं टपाल तिकिटांचं प्रदर्शन आटोपलं की निकालाच्या फळ्यासमोर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "एवढी भारी तिकिटं लावून कांस्यच?" आणि "हे व्हर्मील काय प्रकरण आहे?" दोन्हीची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

इथे पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर नसतो. दहावीच्या डिस्टिंक्शनसारखं आहे. शंभरपैकी जितके गुण, त्या पट्ट्यातलं पदक. सुवर्ण दहा जणांना मिळू शकतं आणि एकालाही न मिळता प्रदर्शन संपू शकतं. तिकीटसंग्राहकांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे १९२६ साली स्थापन झालेल्या एफआयपीची पट्टी अशी:

९५ ते १०० मोठं सुवर्ण
९० ते ९४ सुवर्ण
८५ ते ८९ मोठं व्हर्मील
८० ते ८४ व्हर्मील
७५ ते ७९ मोठं रौप्य
७० ते ७४ रौप्य
६५ ते ६९ रौप्य-कांस्य
६० ते ६४ कांस्य

६० च्या खाली सहभागाचं प्रमाणपत्र. व्हर्मील म्हणजे चांदीवर सोन्याचा मुलामा, म्हणून ते रौप्याच्या वर आणि सुवर्णाच्या खाली.

पारंपरिक (तिकिटांचाच अभ्यास) आणि टपाल-इतिहास (पत्रं कोणत्या दराने, कोणत्या मार्गाने गेली) या दोन वर्गांत शंभर गुणांची वाटणी अशी: मांडणीचा विचार २०, विषयाचं महत्त्व १०, ज्ञान व स्वतःचा अभ्यास ३५, नगांची स्थिती १०, दुर्मिळता २०, सादरीकरण ५. "भारी तिकिटं" या शब्दाचा थेट संबंध येतो तो स्थिती आणि दुर्मिळता मिळून ३० गुणांशी. उरलेले ७० दुसरीकडे आहेत, आणि आपली बहुतेक मंडळी गळतात ती तिथेच.

तांबडी पेटी

एक पुरवणी. ही पट्टी एफआयपीची झाली. महापेक्स, गोवापेक्स अशा राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनात पदकांचे प्रकार कमी असू शकतात आणि गुणांच्या रेषाही वेगळ्या असू शकतात. त्यामुळे "तिकडे ८५ ला सुवर्ण दिलं, इकडे का नाही" हा वाद घालण्याआधी त्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक उघडून बघा. शेवटच्या पानांवर छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. विषयाधिष्ठित वर्गाची वाटणीही वेगळी आहे, ती कुणीतरी नीट लिहा. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

मेघदूत

थीमॅटिकचं, म्हणजे विषयाधिष्ठित वर्गाचं, मी लिहितो.

शीर्षक आणि आराखडा १५, विकास १५, नावीन्य ५. झाले ३५. विषयाचं ज्ञान १५ आणि तिकीटशास्त्राचं ज्ञान १५, झाले ६५. स्थिती १०, दुर्मिळता २०, सादरीकरण ५.

"विकास" हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ असा की आराखड्यात जे प्रकरण कबूल केलंय ते फ्रेममध्ये (पानं लावायच्या चौकटीत) पानापानाने पुढे सरकलं पाहिजे. उदाहरणाला "कापूस" घेऊ. प्रकरणं अशी: झाड आणि बोंड, वेचणी, सरकी काढणं, सूत, माग, व्यापार, खादी. व्यापारात १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मुंबईच्या कापसाला आलेली तेजी आणि त्यानंतरची घसरगुंडी आली नाही, तर परीक्षक विषयज्ञानाचे गुण कापणार. पण ती आणायची कशी? इथेच चूक होते. पाकिटाच्या कोपऱ्यात कापूस व्यापाऱ्याचं छापील नाव आहे म्हणून ते कापसाचं पाकीट होत नाही. विषयाची माहिती तिकिटात, शिक्क्यात, टपालखात्याच्या छापील स्टेशनरीत, मीटरच्या (तिकिटाऐवजी यंत्राने मारलेल्या) ठशात अशी टपालाच्या अंगातून यायला हवी. खासगी छपाई आणि आतला मजकूर चालत नाही.

मग काय चालतं? गिरणीचं घोषवाक्य असलेला मीटरचा ठसा, कापूस कंपनीच्या आद्याक्षरांची भोकं पाडलेली तिकिटं म्हणजे परफिन, जाहिरात छापलेली तिकीट-पुस्तिकेची पानं, २००२ पासून निघालेली २५ पैशांची जाहिरातवाली मेघदूत पोस्टकार्डं (माझं नाव तिथूनच). आणि १२ फेब्रुवारी २०११ ला दिल्लीच्या इंडिपेक्स प्रदर्शनात निघालेलं शंभर रुपयांचं गांधी तिकीट, खादीच्या कापडावर छापलेलं. बाकी सगळे ते "गांधी" प्रकरणात लावतात. कापसाच्या एक्झिबिटमध्ये (स्पर्धेत लावलेल्या मांडणीत) ते "माग" किंवा "खादी" मध्ये लावून खाली लिहा की इथे कागदाच्या जागी कापूसच आहे. नावीन्याचे ५ गुण असे मिळतात, रंगीत पानांनी मिळत नाहीत.

दातेरी कडा

सगळं मान्य, पण व्यवहारात ज्यूरीची आवड चालते असं वाटतं. एकच एक्झिबिट एका वर्षी ७२ आणि पुढच्या वर्षी ६७, पान एकही न बदलता. हे कसं?

लखोटा

दातेरी, असं होतं, त्याची कारणं मात्र आवडीपलीकडची असतात.

परीक्षक तीन-चार जणांच्या गटाने फिरतात. गटात त्या विषयाचा खरा जाणकार असेल तर ज्ञानाचे ३५ गुण वर-खाली होतात, कारण दर किंवा मार्ग चुकीचा लिहिलेला त्याच्या लगेच लक्षात येतो. दुसरं, फ्रेमसमोर त्यांना मोजकीच मिनिटं मिळतात. पाच फ्रेम म्हणजे ८० पानं, सगळी वाचून होत नाहीत. ते पहिलं पान वाचतात, तिथे जे कबूल केलं ते शोधतात आणि मध्ये मध्ये खणून बघतात. म्हणून पहिल्या पानाची प्रत अर्जासोबत मागवतात, परीक्षक ती घरीच अभ्यासतात. ती प्रत धूसर झेरॉक्स असेल किंवा नंतर पान बदलूनही जुनीच गेली असेल, तर गुण आधीच गळतात.

पहिल्या पानावर लागतं ते एवढं: विषय कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, काय मुद्दाम वगळलंय आणि का, प्रकरणवार आराखडा फ्रेम व पानांच्या आकड्यांसह, महत्त्वाचे चार-पाच नग कुठे आहेत, स्वतःचा अभ्यास कोणता, आणि वापरलेल्या संदर्भांची छोटी यादी. विषयाचा इतिहास तिथे सांगत बसू नका. "टपाल तिकिटं हा राजांचा छंद आहे" या वाक्याला तर एकही गुण नाही.

सव्वा आणा

लखोटाकाकांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. समजा टपाल-इतिहासाच्या एक्झिबिटला असे गुण मिळाले: मांडणीचा विचार १४, महत्त्व ७, ज्ञान २४, स्थिती ८, दुर्मिळता १२, सादरीकरण ४. बेरीज ६९, पदक रौप्य-कांस्य. आता विचार १४ चा १७ केला आणि ज्ञान २४ चं २७, तर बेरीज ७५ आणि पदक मोठं रौप्य. दोन पायऱ्या वर, खरेदी शून्य.

दातेरी कडा

आकडे कागदावर छान आहेत. पण "ज्ञान" वाढवायचं म्हणजे चार ओळी जास्त लिहायच्या का?

लखोटा

नाही, आणि सव्वा आण्याच्या "खरेदी शून्य" ला इथे माझा विरोध आहे. ज्ञान मजकुरातून दिसतं त्याहून जास्त निवडीतून दिसतं. दोन नोंदी शेजारी ठेवून बघा.

पहिली: "१८९५, मुंबईहून लंडनला. सुंदर पिवळसर हिरवं तिकीट, ठळक शिक्का."

दुसरी: "१८९५, मुंबई ते लंडन. अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला अडीच आणे, १ जानेवारी १८९१ पासूनचा दर. १८९२ चं अडीच आण्यांचं तिकीट याच दरासाठी."

पहिलीत परीक्षकाला स्वतः दिसतंय तेच परत सांगितलंय. दुसरीत पाकीट इथे का आहे ते कळतं. आणि त्याच्या शेजारी २५ डिसेंबर १८९८ नंतरचं एक आण्याचं पाकीट लावलं, म्हणजे साम्राज्यांतर्गत पेनी दर लागू झाल्यावरचं, तर दोन नगांत एक दरबदल उभा राहतो. हे दुसरं पाकीट फार महाग नसतं, पण घ्यावं लागतं. तेव्हा खरेदी शून्य नाही, खरेदी थोडी आणि नेमकी.

वजन, दर, मार्ग, जहाज किंवा गाडी, पोहोचल्याचा शिक्का. टपाल-इतिहासात एवढं लिहा. तिकिटाचा रंग ज्याला त्याला दिसतो.

सव्वा आणा

मान्य काका, वाक्य मागे घेतो.

शाईचा डाग

दुर्मिळता आणि किंमत यातला फरक कुणी समजावेल का? १९४८ चं दहा रुपयांचं गांधी तिकीट असूनही दुर्मिळतेत फार गुण येत नाहीत, असं का?

तांबडी पेटी

कारण ते महाग आहे, पण मिळतं. १५ ऑगस्ट १९४८ च्या चार गांधी तिकिटांतलं दहा रुपयांचं कोरं तिकीट कुठल्याही बऱ्या लिलावात दिसतं. पैसे टाकले की आपलं. परीक्षक विचारतात: "हा नग मिळवायला किती अवघड?" तेच दहा रुपयांचं तिकीट खऱ्या व्यापारी पार्सलाच्या किंवा हवाई पाकिटावर, योग्य दरात चिकटलेलं असेल तर चित्र पालटतं. स्मृती म्हणून बनवलेलं पाकीट नव्हे, खरं वापरलेलं. सरकारी वापरासाठी "सर्व्हिस" छापलेलं दहा रुपयांचं तर फक्त शंभर छापलं होतं, ते वेगळ्याच जगातलं.

उलटं उदाहरणही घ्या. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला विमानाने गेलेली टपाल जगप्रसिद्ध आहे, पण त्या विमानात साधारण साडेसहा हजार नग होते. प्रसिद्धी आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी. हवाई टपालाच्या एक्झिबिटमध्ये ते हवंच, पण एवढ्यावर २० पैकी १८ येणार नाहीत.

महत्त्वाचे १० गुण मात्र विषय निवडतानाच ठरतात, नंतर हलवता येत नाहीत. १८५२ ची सिंध डाक किंवा १८५४ ची शिळाछापाची तिकिटं घेतली तर महत्त्व आपोआप वर. गेल्या वीस वर्षांतली एखादी नेहमीची मालिका घेतली तर कितीही घासा, तिथे ३-४ च्या वर जाणं कठीण.

जाता जाता: गांधी दहा रुपयांच्या नकली प्रती भरपूर आहेत. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र घ्या, त्याची प्रत पानाच्या मागे ठेवा आणि पुढे बारीक अक्षरात "प्रमाणपत्र आहे" लिहा.

मेघदूत

स्थितीच्या १० गुणांचं आपल्या हवामानात वेगळं दुखणं आहे, तेही नोंदवतो.

तांबूस ठिपके पावसाळ्यात वाढतात. पानं उभी ठेवा, एकावर एक दाबून नको, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदलल्यावर तापवून परत वापरा. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यातला प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ तिकिटाच्या शाईला चिकटतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. सेलोटेप कुठेही नको, पाकिटाच्या मागेसुद्धा. काही जण पानं लॅमिनेट करून आणतात. त्या नगाचं मोल तिथेच संपलं.

ठिपके ब्लीच करून घालवू नका. अतिनील दिव्याखाली ते लगेच कळतं. दुरुस्ती केलेला नग लावता येतो, पण तसं पानावर लिहावं लागतं. लपवलेली दुरुस्ती सापडली तर बाकी नगांकडेही संशयाने बघितलं जातं.

शाईचा डाग

सादरीकरणाला फक्त ५ गुण, मग त्यावर एवढा वेळ का घालवायचा?

लखोटा

पाचच गुण आहेत, पण वाईट सादरीकरणामुळे बाकीचे ९५ वाचले जात नाहीत.

पांढरा किंवा फिकट साय रंगाचा, आम्ल नसलेला जाड कागद. १६० ते २०० जीएसएम चालतो. गडद रंगाचा कागद नको. एका फ्रेममध्ये ए-फोर आकाराची १६ पानं, चार रांगांत चार. तिकिटांना काळ्या पाठीच्या पट्ट्या, सगळ्या सारख्या समासाने कापलेल्या. पाकिटांना पारदर्शक कोपरे. मजकूर पानाच्या तिसऱ्या हिश्शावर गेला की नग गुदमरतो. प्रत्येक पानाला वर प्रकरणाचं नाव, आणि ते आराखड्यातल्या नावाशी अक्षरशः जुळलेलं. आराखड्यात "वेचणी" आणि पानावर "कापूस गोळा करणे" असं असेल तर परीक्षक शोधत बसत नाही.

मागची बाजू दाखवायची असेल तर प्रत लावा, पण ती मूळ आकारापेक्षा किमान २५ टक्के लहान किंवा मोठी हवी, म्हणजे मूळ नग समजून फसगत होत नाही.

भाषेबद्दल: जिल्ह्यात मराठी मजकूर बिनधास्त लिहा. पुढे जायचा विचार असेल तर इंग्रजी करावं लागेल. एफआयपीच्या भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि रशियन.

दातेरी कडा

एक फ्रेमचा वर्ग सोपा म्हणून नव्यांनी तिथून सुरुवात करावी असं सांगतात. बरोबर आहे का?

तांबडी पेटी

खर्चाने सोपा, गुणांनी कठीण. सोळा पानांत विषय नैसर्गिकपणे संपला पाहिजे. पाच फ्रेमच्या एक्झिबिटातून मलई काढून एक फ्रेम केली की परीक्षकांना लगेच कळतं आणि मांडणीचे गुण जातात. उलट अरुंद विषय ताणून पाच फ्रेम केल्या तर पाणी घातलेल्या आमटीसारखं होतं. "मुंबई-सुएझ जहाजांवरचं सी पोस्ट ऑफिस, पहिली वर्षं" हा एका फ्रेमचा विषय. १८६८ ला सुरुवात, पुढे कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवून लिहा.

आंतरराष्ट्रीय पातळीवर नव्याने जाणाऱ्याला पाच फ्रेम. एफआयपीत ८५ किंवा जास्त गुण मिळाले की पुढे आठ, म्हणजे १२८ पानं. वाढलेल्या ४८ पानांत आधीच्या दर्जाचा माल नसेल तर गुण खाली येतात.

शाईचा डाग

आणि ग्रँड प्रिक्स कुणाला? विशेष पारितोषिक आणि "फेलिसिटेशन" हेही वाचलंय.

सव्वा आणा

विशेष पारितोषिक वरच्या पदकांच्या उत्तम एक्झिबिटला, पदकाच्या जोडीने. फेलिसिटेशन म्हणजे ज्यूरीची शाबासकी, अभ्यास किंवा वेगळेपणा उठून दिसला तर. त्याने गुण वाढत नाहीत.

दहा वर्षांच्या आत तीन वेगवेगळ्या वर्षी मोठं सुवर्ण मिळालं की एक्झिबिट चॅम्पियनशिप वर्गात जातं आणि ग्रँड प्रिक्स डॉनरसाठी, म्हणजे त्या वर्गाच्या सर्वोच्च पारितोषिकासाठी, उतरतं. यजमान देशाच्या विषयावरच्या सर्वोत्तमाला ग्रँड प्रिक्स नॅशनल, बाकीच्यांतल्या सर्वोत्तमाला ग्रँड प्रिक्स इंटरनॅशनल. भारतातून जाण्याची वाट राष्ट्रीय पदकातून आणि देशाच्या कमिशनरमार्फत (त्या प्रदर्शनासाठी नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत). एफआयपीत आपली सदस्य संस्था १९७५ साली स्थापन झालेली फिलाटेलिक काँग्रेस ऑफ इंडिया. शंभर वर्षांवरचे नग परदेशी न्यायचे असतील तर पुरावस्तू कायद्याचा प्रश्न येऊ शकतो, कमिशनरशी आधीच बोला.

मेघदूत

पुस्तकं लिहिणाऱ्यांसाठी: साहित्य वर्ग वेगळा असतो. मजकुराची हाताळणी ४०, संशोधनाची मौलिकता व खोली ४०, तांत्रिक बाबी १५, सादरीकरण ५. चकचकीत मुखपृष्ठाचा फायदा त्या शेवटच्या पाचातच.

मुलांच्या वर्गात वयोगट १ जानेवारीच्या वयावर ठरतो आणि वरची मर्यादा २१. पालकांनी पानं बनवून दिलेली ओळखू येतात, कारण वयाच्या मानाने मजकूर फार गुळगुळीत असतो.

दातेरी कडा

निकालानंतर परीक्षकांना भेटता येतं, पण तिथे नेमकं काय विचारायचं? "गुण का कमी" म्हटलं की "छान आहे, अजून मेहनत करा" एवढंच हाती लागतं.

लखोटा

प्रश्न बदला. पहिलं पान हातात घेऊन जा आणि विचारा: "सहांपैकी कोणत्या निकषात सगळ्यात जास्त गेले?" मग: "यातली कोणती तीन पानं काढू?" आणि शेवटी: "या विषयात असायलाच हवा आणि इथे नाही, असा नग कोणता?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या. तीच पुढच्या वर्षाची खरेदीची यादी. निर्णयावर वाद घालू नका, तो बदलत नाही आणि दिलेला वेळ त्यातच संपतो.

तांबडी पेटी

लावण्या-काढण्याच्या दिवसाचं राहिलं. प्रत्येक पान स्वतंत्र पिशवीत, मागे पेन्सिलीने फ्रेम आणि पानाचा आकडा. सगळ्या पानांचे फोटो आधी काढून ठेवा. काढताना पानं स्वतः मोजा, फ्रेमच्या तळाच्या खाचेत घसरलेलं पान बघा, आणि ८० भरल्यावरच पावतीवर सही करा.

शाईचा डाग

खाचेचं कुणीच सांगत नाही. नोंद केली.